अक्षतांचं प्लगिन आणि आमची चांदी

माझ्या लग्नाच्या पहिल्या अक्षता आमच्या गाईच्या डोक्यावर पडल्या.

मी केनवडला घरी बसून वेबसाइटच्या थीम आणि प्लगिन बनवतो. आसेगावला मुलगी पाहायला गेलो, तर तिच्या बाबांना हे समजावताना मला घाम फुटला. म्हटलं, "वेबसाइट म्हंजे घर. थीम म्हंजे रंगरंगोटी. प्लगिन म्हंजे पंखा, लाइट, जे लावान ते."

"मंग वायरमन हाय म्हना ना तुमी!" ते खूश झाले. चहा ठेवता ठेवता प्रणिता खुदकन हसली आणि माझा निकाल तिथेच लागला! तिच्या बाबांनी मात्र "इचार करून कयवतो" एवढ्यावर आमची बोळवण केली.

दुसऱ्या दिवशी गोठ्याजवळच्या निंबाखाली लॅपटॉप घेऊन बसलो (रेंज तिथंच येते). मंद वारा, डोळे अर्धे मिटलेले, कानात तिचं हसू. लग्नाच्या पानासाठी एक प्लगिन करत होतो: लांबच्या नातेवाइकांनी मोबाइलवर बोट टेकवलं, की स्क्रीनवर अक्षता पडाव्यात. चाचणीला नवरदेव हवा, म्हणून माझंच नाव आणि फोटो टाकला. नवरी म्हणून... बोटांनी आपणहून लिहिलं हो, 'प्रणिता'! फोटो कुठून आणू? समोर आमची चांदी रवंथ करत होती. तात्पुरता तिचाच लावला. अक्षता तरंगत खाली येत होत्या, मनात सनई वाजत होती, आणि त्या गुंगीत 'मसुदा' सोडून 'प्रकाशित करा' दाबलं गेलं.

त्यात माझंच एक जुनं प्लगिन: पान प्रकाशित झालं, की लिंक आपोआप घरच्या ग्रुपवर! (काय अभिमान होता मला त्याचा!)

पुण्याहून आत्याचा फोन. "काहून रे, लगन उरकलं अन् मले सांगतलं बी नाई? मी अक्षता टाकून राह्यली ना इकडं!"

"आत्या, थे टेस्टिंग हाय!"

"असन बाप्पा. पन नवरीच्या जागी गाय काहून?"

आत्याने ती लिंक मालेगावच्या जावेला धाडली होती. जावेचं माहेर आसेगाव! संध्याकाळी तिकडून फोन वाजला. गेलं स्थळ!

"आमी अजून हो बी म्हटलं नाई," प्रणिताचे बाबा कडाडले, "अन् तुमी अक्षता टाकून मोकये? थ्या बी ढोरावर? घ्या, पोरीसंगंच बोला!"

मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "मी बी टाकून पाह्यल्या. साऱ्या गाईवरच पडून राह्यल्या, तुमच्यावर एक बी नाई. थे दुरुस्त करा. लग्नाचं पान मी बनवीन."

"म्हंजे... होकार?"

"पान बनवीन म्हटलं ना!"

आणि बनवलं. नवरीच्या चौकटीत तिचा झकास फोटो, माझ्या चौकटीत बैल! "तात्पुरता हाय," म्हणाली. केनवड, आसेगाव, पुणे, साऱ्यांनी त्या पानावर भरभरून अक्षता टाकल्या. पण नवरदेवाच्या जागी बैल काहून, हे मात्र एकानेही विचारलं नाही!