मशीन उलटं करून पाहणारे मिस्त्री

कोणतंही नवं मशीन समोर आलं की मिस्त्री आधी ते उलटं करायचे. मिक्सर असो, केटली असो, चकचकीत तोंडाकडे बघायचेच नाहीत. बूड न्याहाळायचे, नखाने स्क्रू टोकरायचे आणि विचारायचे, ‘‘हे बंद पडल्यावर येईन कोन?’’ तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. त्याला दुकानात सोबत न्यायची लाज वाटते, आणि नाही नेलं की घरी येऊन पस्तावा होतो.

मी नागपुरात धरमपेठेतल्या एका दुकानात डेमो दाखवणारी बाई. मिक्सर, ओव्हन, इस्त्री, जे येईल ते टेबलावर चालवून दाखवायचं. मिस्त्री आमच्याकडे फिटिंगला होते. इंदोऱ्याहून सायकलवर यायचे आणि आल्याबरोबर सगळ्यांना ‘‘जय भीम’’ म्हणायचे. मी ‘जय भीम’ म्हणायची, शेठ ‘हं’ म्हणायचे.

‘‘काहून वं बाई, केटलीत बाटलीचं पानी टाकून राहिली तू? गिऱ्हाइकाच्या घरी तं बोअरचं पानी हाय.’’

‘‘शेठनं सांगितलं जी. डाग पडत नाहीत म्हणे.’’

‘‘मंग शेठच्याच घरी विका.’’

हे आमचं रोजचं. मी हसायची आणि बाटली उघडायची. नोकरी होती, काय करणार?

मग ते गिझरचं झालं. शेठनी दुकानाच्या नावाचे स्वस्त गिझर बनवून आणले. मिस्त्रींनी पहिलाच गिझर उलटा केला आणि म्हणाले, ‘‘शेठजी, याच्यात वाफ सोडाचा व्हॉल्व्हच नाही. प्रेशर वाढलं तं निघन कुठून?’’ शेठ म्हणाले, ‘‘तू बसव. डोकं चालवू नको.’’ ते ‘बसव’ मी माझ्या कानांनी ऐकलं. पारशिवनीच्या एका मास्तरांच्या घरी तो गिझर फुटला, मास्तरांचा हात कोपरापर्यंत भाजला. त्यांची बायको भर दुकानात येऊन ओरडायला लागली तेव्हा शेठनी मिस्त्रींना कॅश काउंटरसमोरच्या फरशीवर उभं केलं. ‘‘यानेच चुकीचा बसवला, बाई. बोल रे, माझी चूक झाली म्हण.’’

मिस्त्रींची मुलगी तेव्हा नर्सिंगला होती. शेठच्या ओळखीनेच तिला हॉस्टेल मिळालं होतं. मिस्त्रींनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मी टेबल पुसत राहिले. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, ‘‘माही चूक झाली.’’ आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि त्यातली अर्धी माझ्या स्वतःवरच असते.

त्यानंतर त्यांची नोकरी गेली. गावभर ‘हात भाजवणारा मिस्त्री’ असं नाव झालं, घरी कोणी बोलावीना. घराच्या ओट्यावर बसून ते शेजाऱ्यांचे मिक्सर दुरुस्त करत. मी कधीमधी जायची. त्यांची बायको चहा द्यायची. ते स्क्रू फिरवता फिरवता म्हणायचे, ‘‘मले दुसरं काई नाही पायजे, बाई. जिथं मले उभं केलं तिथंच त्याले उभं करीन. तेच तीन शब्द. बस.’’ इतक्या शांतपणे म्हणायचे की मला भीती वाटायची.

यंदा त्यांची वेळ आली. शेठच्या मुलाने, आम्ही त्याला छोटे शेठ म्हणतो, बुटीबोरी एमआयडीसीतल्या शेडमध्ये घरगुती एस्प्रेसो कॉफीचं मशीन तयार केलं. इंजिनिअर पोरगा, मनाने सरळ. दुकानात खुर्च्या मांडल्या, समोसे आले, पन्नासेक माणसं जमली. मी पांढरा एप्रन घालून कॉफी काढत होते, आणि पहिल्या रांगेत, न बोलावता आलेले मिस्त्री इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. हातात प्रश्नांचा कागद.

‘‘काई विचारायचं असंल तं विचारा ना,’’ शेठ हसत सगळ्यांना म्हणाले. फसले बिचारे!

मिस्त्री उठले. स्वयंपाकाच्या ओट्यावरच्या कपाटाखाली हे मावते का? साध्या पाच अँपिअरच्या पिनेवर चालते का? मे महिन्यात व्होल्टेज पडलं तं काय होते? दुधाची नळी रोज साफ कराले ती निघते का? आतलं रबर सीताबर्डीत भेटन का पुण्याहून मागवा लागन? छोटे शेठ एकेकाचं नीट उत्तर देत होते. लोक समोसे खाली ठेवून ऐकायला लागले. एक बाई तर मोबाइलमध्ये लिहून घेत होती.

मग मिस्त्री माझ्याकडे वळले. ‘‘बाई, हे पानी कोनतं हाय वं?’’

शेठनी माझ्याकडे डोळे वटारले. मी म्हटलं, अगदी मागच्या खुर्चीपर्यंत जाईल अशा आवाजात, ‘‘बाटलीचं. नळाचं, बोअरचं टाकू नको असं शेठनं सांगितलंय.’’ काय सांगू तुम्हाला, इतकं बरं मला माझ्या लग्नातही वाटलं नव्हतं.

मिस्त्रींनी पिशवीतून एका केटलीची कॉइल काढून टेबलावर ठेवली. तिच्यावर चुन्यासारखा पांढरा थर बसला होता. ‘‘आमच्या बोअरच्या पान्यानं एका उन्हाळ्यात हे असं झालं. तुमची नळी तं याहून बारीक. ते जाम झाल्यावर वाफ निघन कुठून?’’

‘‘सेफ्टी व्हॉल्व्ह आहे ना काका,’’ छोटे शेठ म्हणाले. मशीन मिस्त्रींनी नाही, पोरानेच बंद केलं आणि मागचं झाकण उघडलं. बराच वेळ आत पाहिलं. मग बापाकडे पाहिलं. ‘‘बाबा, मी ड्रॉइंगमध्ये दिला होता. कोणी काढला?’’

शेठ समोशांच्या प्लेटा आवरायला लागले.

‘‘अन् गिझरमधला कोनं काढला होता?’’ मिस्त्रींनी विचारलं.

‘‘गर्दीत हे विषय नको.’’

‘‘गर्दीतच झालता हा विषय. याच फरशीवर.’’

शेठ केबिनमध्ये गेले आणि आतून कडी लावली. लोक पांगले. एकही मशीन विकलं गेलं नाही. मिस्त्री त्या फरशीवर तासभर उभे राहिले, मग कागदाची घडी करून म्हणाले, ‘‘येतो बाई. शनिवारी येईन.’’

दर शनिवारी अकरा वाजता यायचे. त्याच फरशीवर उभे राहायचे, येणाऱ्या गिऱ्हाइकाला अदबीने सांगायचे, ‘‘आधी उलटं करून पाहा जी.’’ शेठनी मला काढायचं म्हटलं, तर छोटे शेठ म्हणाले, ‘‘मग मीही जातो.’’ असे सात शनिवार झाले. आठव्याला मिस्त्री आले नाहीत. पहाटे छातीत कळ आली आणि गेले. ते तीन शब्द न ऐकताच गेले.

पंधरा दिवसांनी शेठ मला घेऊन इंदोऱ्याला गेले. सोबत व्हॉल्व्ह बसवलेलं नवं मशीन होतं. ओट्यावर मिस्त्रींचा पेचकस तसाच पडला होता. त्यांच्या बायकोने खोक्याकडे पाहिलंही नाही.

‘‘घेऊन जा जी. आमच्याकडं कोनी कॉफी पेत नाही.’’

शेठनी हात जोडले. ‘‘वहिनी, माझी चूक झाली.’’

तेच तीन शब्द. पण वहिनी जागच्या हलल्या नाहीत.

‘‘इथं काहून बोलून राहिले? इथं कोन आयकते? त्यायले दुकानात म्हनाले लावलं ना, चार लोकांत? तुमी बी तिथंच म्हना. मी येईन आयकाले.’’

आता ते मशीन छान विकलं जातं. मी नळाचंच पाणी टाकते. काउंटरसमोरच्या त्या एका फरशीवर मी कोणाला खोकं ठेवू देत नाही. रोज सकाळी शेठ दारातून येतात, ती मोकळी फरशी पाहतात आणि फ्रिजच्या बाजूने वळसा घालून केबिनमध्ये जातात.

शनिवारी अकराला वहिनी येतात. दाराजवळच्या खुर्चीवर, मांडीवर पिशवी घेऊन बसतात. मी त्यांना चहा देते. केबिनचं दार बंदच असतं. आम्हा दोघींनाही घाई नाही.