पाणी न पिणाऱ्या मावशी

भाकरीवाल्या मावशी दारात चप्पल काढता काढताच विचारायच्या, "म्याडम, झालं का आज?" प्रश्न माझ्या पोटाचा असे आणि आवाज समोरच्या फ्लॅटपर्यंत जाई. आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवलं, पण हा विषय मी तुमच्या आजोबांशीही कधी बोलले नाही. मुलांनो, तुम्ही फोनवर "आजी, तब्येत कशी?" विचारता आणि मी "छान" म्हणते. खरं काय ते मावशींना माहीत असे. त्यांनी माझं पोट मार्गी लावलं. त्यांचं पोट मात्र माझ्याच घरात बिघडत होतं, आणि ते मला फार उशिरा दिसलं.

डॉक्टरांनी माझ्या दुखण्याचं नाव आयबीएस सांगितलं. माझ्या प्रकारात बद्धकोष्ठ, पोटफुगी आणि दिवसभर जिवाची नुसती घालमेल. मी लगेच रोजच्या खाण्याची आणि पोटाची वही सुरू केली. इसबगोल, मॅग्नेशियमची गोळी, प्रोबायोटिकची कॅप्सूल आणि कोंड्याच्या पोळ्या, सगळं एकाच सोमवारी सुरू केलं. गुरुवारी परकराची नाडी बांधवेना.

मावशींनी परातीतून मान वर केली. "माझ्या माहेरी मेंढरं. मेंढराला एकदम नवा चारा टाकला का फुगतं. तुम्ही तर चार-चार टाकले."

पुढच्या खेपेला डॉक्टरही तेच म्हणाले. एका वेळी एकच बदल, तोही थोड्यापासून. मग मावशींनी ताबा घेतला. आधी फक्त इसबगोल. मी तो अर्ध्या कपात ढवळून घ्यायची. मावशी भरला पेला घेऊन समोर उभ्या राहायच्या. "एवढं घट्ट गिळून वर घोटभर पाणी? संपवा. मला अजून चार घरं हायेत." दोन आठवड्यांनी दुपारच्या पोळीऐवजी ज्वारीची भाकरी आणि पातळ भाजी. कच्चा कांदा वहीनं पकडला, तो बंद झाला. मॅग्नेशियम डॉक्टरांना विचारून सर्वांत शेवटी. दोन-तीन महिन्यांत वहीत बरोबरच्या खुणा वाढल्या.

मी म्हणायची, "मावशी, तुम्हीही घ्या ना पाणी."

"नको, घरून पिऊन आले."

नऊ वर्षं मी ते खरं मानलं.

एका उन्हाळ्यात त्या ओट्यापाशी पोट धरून खाली बसल्या. मी विचारलं, "तुम्हालाही माझंच दुखणं?"

"व्हय. चार-चार दिस होत नाय."

"आणि पाणी मला पाजता?"

"पाणी प्यायलं का जावं लागतं, म्याडम. सहाला पडेगाव सोडते, तीनला घरी. पाच घरं. कुठं जाऊ?"

त्या पाचांत माझं एक होतं. त्यात दोन संडास. पाहुण्यांच्या बाथरूममधला मी कडी लावून स्वच्छ ठेवते, तुम्ही याल म्हणून. तुम्ही दोन वर्षांतून एकदा येता.

मी कडी काढली. त्या बराच वेळ नको म्हणाल्या, मग गेल्या. मग त्यांनी बादलीभर पाणी ओतून आतली फरशी घासायला घेतली. नळाला सहा दिवस पाणी आलं नव्हतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. मी म्हटलं, "राहू द्या हो."

"नायतर उद्या तुमच्याच मनात काहीबाही येईल."

मला चटकन नाही म्हणता आलं नाही.

त्यानंतर त्या माझ्याकडे रोज दोन पेले पाणी पीत, उभ्यानंच, घाईनं. पण बाकीची चार घरं तशीच राहिली. पुढच्या वर्षी त्यांचं मूळव्याधीचं ऑपरेशन झालं आणि लेकीनं त्यांना चिकलठाण्याला नेलं. निघताना त्यांनी मला इसबगोलाचं माप बजावलं.

आता नव्या बाई येतात. पहिल्याच दिवशी मी त्यांना पाहुण्यांच्या बाथरूमचं दार दाखवलं, इतक्या घाईनं की त्या बिचकल्या. तुम्ही याल तेव्हा तुमची बाथरूम ओली असेल. टॉवेल मी नवे काढून ठेवीन.