मुळाशी दिलेला डीएपी

"तुमी आत्ताच्या आत्ता या. मासे वर येऊन तोंड उघडून राह्यले," रेखाताई फोनवर ओरडल्या. "दोन त मेले बी."

मी आदिलाबादला घरोघरी फिश टँक बसवतो. रेखाताई बँकेत नोकरीला. त्यांच्या सासऱ्यांनी, तात्यांनी, जन्मभर भीमपूरला भाजीपाला पिकवला. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते सुनेकडे आले. त्यांचं मन रमावं म्हणून महिन्याभरापूर्वी मी तिथे तळाशी माती घालून खऱ्या झाडांचा टँक लावून दिला होता.

पोचलो तर मासे धापा टाकत होते. एअर पंप चालू होता. टेस्ट किटच्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकले. रंग गडद हिरवा. म्हणजे अमोनिया. त्याने माशांचे कल्ले जळतात.

"तुमच्या मातीतच खोट हाये," रेखाताई म्हणाल्या.

"टँकमध्ये काही टाकलं का?"

"आमी काऊन टाकू?"

अर्धं पाणी काढून बोअरचं भरलं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते चालत नाही. रंग उतरला, पण अर्ध्या तासात पुन्हा गडद. अमोनिया मातीतून येत होता. नेमका कुठून, ते कळेना. सगळी माती उपसली असती तर खालची घाण पाण्यात मिसळून उरलेले मासेही गेले असते. तेवढ्यात तिसरा मासा आडवा झाला.

"मीच टाकला डीएपी," मागून तात्या म्हणाले. वॉकर धरून उभे होते. सुनेकडे बघत नव्हते. "सकाळी. पानं पिवळी पडून राह्यली होती. तुमीच त फोनवर सांगतलं, मुळाशी खत द्या म्हणून."

सांगितलं होतं खरं. मला म्हणायचं होतं टँकसाठी मिळते ती खताची गोळी. डीएपी म्हणजे शेतात टाकायचं दाणेदार रासायनिक खत. पाण्यात विरघळलं की अमोनिया सुटतो.

"कुठे टाकलात?"

त्यांनी काचेवर बोट ठेवलं. "या मोठ्या झाडापासून चार बोटं. दोन्ही अंगांनी. वांग्याला देतो तसा."

बरोबर तिथेच सायफनची नळी खुपसली. झाड हललं नाही. माती आणि अर्धवट विरलेले दाणे बादलीत आले. मग आणखी दोनदा पाणी बदललं. रेखाताई बादल्या आणत होत्या.

"चूक माझी आहे," मी त्यांना म्हटलं. त्या थांबल्या, आणि तात्यांना खुर्ची आणून दिली.

संध्याकाळी टेस्टचा रंग पिवळा आला. म्हणजे पाणी साफ. पाच मासे गेले, नऊ वाचले. झाडाची जुनी पानं सडली, पण पंधरवड्यात मधून नवा कोंब आला.

आता मी कुणालाही नुसतं 'खत द्या' म्हणत नाही. कोणतं, किती आणि कुठे, ते कागदावर लिहून देतो. शेतकरी असेल तर दोनदा वाचून दाखवतो.