सोफ्यावरची ओल

पाहुणा आला की अण्णा त्याच्या चेहऱ्याआधी डोक्याकडे बघत. केसांना तेल दिसलं, तर बोलता बोलता सोफ्याच्या पाठीवर टॉवेल अंथरत. पाहुण्याला वाटे, आपलं मोठं आगतस्वागत चाललंय.

अण्णा माझे सासरे. सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. सगळी हयात बंगळूरमध्ये गेल्यामुळे मराठीत कन्नड शब्द सहज मिसळत. निवृत्तीनंतर चिकपेटेतली दुकानं पालथी घालून त्यांनी मोतिया रंगाचं कापड आणलं आणि सोफा नव्याने मढवून घेतला. रविवारी ते गाद्या उलटत, फटींतली धूळ व्हॅक्यूमने काढत, ऊन आत यायच्या आधी पडदा ओढत. एकदा माझ्या हातून कॉफी सांडली तेव्हा म्हणाले, "घासू नको, मेधा, डाग आत जातो. स्वल्प दम धर, नुसतं टिपून घे."

एका दुपारी मी आतल्या खोलीत ऑफिसचं काम करत होते. हॉलमधून हेअर ड्रायरचा आवाज आला. माझा नवरा कामावर, घरात आम्ही दोघंच, आणि अण्णांना तर टक्कल. बाहेर आले, तर ते गुडघ्यांवर बसून सोफ्याची गादी वाळवत होते. शेजारी साबणाच्या पाण्याचा मग. ओला डाग घासून घासून हातभर पसरला होता. लुंगी बदललेली होती. मला बघून म्हणाले, पाणी सांडलं. मी बरं म्हणून परत आत गेले. त्यांची लाज राखावी, एवढंच डोक्यात होतं.

त्यानंतर ते सोफ्यावर बसेनात. दाराजवळ प्लॅस्टिकची खुर्ची घेत. कारखान्यातले जुने मित्र आले, तर पाठ धरलीय म्हणून सांगितलं आणि ते जाईपर्यंत उभे राहिले. त्यांनी पाणी पिणंही कमी केलं होतं, हे मात्र आमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एक दिवस तापाने फणफणून ते बाथरूमच्या दारात कोसळले. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, लघवीत जंतुसंसर्ग झालाय, पाणी का पीत नव्हतात? अण्णा भिंतीकडे बघत राहिले.

डॉक्टर गेल्यावर म्हणाले, "त्या दिवशी ते पाणी नव्हतं."

"माहीत आहे, अण्णा."

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "रोज तुझ्यासमोर जेवायला बसत होतो मी. मला वाटायचं, फक्त मलाच माहीत आहे."

मी त्यांचं पांघरूण सारखं केलं.

घरी आल्यावर मी गादीला आतून रबरी कापड घातलं, खोळीला चेन लावून घेतली आणि ती काढायची कशी, घालायची कशी, हे त्यांना करून दाखवलं. ते बसले, अगदी कडेला. काही दिवसांनी मी कॉलवर असताना हॉलमधून हाक आली.

"मेधा, झालं गं."

मी कॉल सोडून आले. व्हिनेगरच्या पाण्यात फडका पिळून गादी पुसायला घेतली. अण्णा खिडकीकडे तोंड करून उभे होते. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

लाज काही त्यांची गेली नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले, तोवर दर वेळी मान वळवूनच बोलले. पण हाक मारली. आणि पाणी पीत राहिले.