पास्कू अंकलचा डावा पाय

नवा पाय बसवून महिना झाला होता, आणि पास्कू अंकल तिसऱ्यांदा फोड घेऊन आमच्या बोरिवलीच्या क्लिनिकमध्ये आले. मी कृत्रिम पाय बनवते. अंकल गोराईचे, वांगी-भेंडी लावणारे ख्रिश्चन शेतकरी. शुगरमुळे त्यांचा डावा पाय गुडघ्याखालून कापला होता. उरलेल्या भागाला आम्ही स्टंप म्हणतो, तो ज्या कपात बसतो ते सॉकेट. सगळा खेळ सॉकेटच्या फिटिंगचा.

माप पुन्हा घेतलं. बरोबर होतं.

बॉस म्हणाले, "सावंत, किती दिवस घालवणार? व्हीलचेअर लिहून दे."

अंकलनी ऐकलं. "सर, ईस्टरला मी चर्चमध्ये चालत जाणार."

ड्रेसिंग करताना मी बोलून गेले, "अंकल, तुमच्यात मेल्यावर शरीर परत उठतं ना? तेव्हा मिळेलच की पाय. आत्ता एवढा त्रास कशाला?"

ते चिडले नाहीत. "म्हणूनच तर, बाय. अंग टाकाऊ असतं तर देव ते परत उठवेल कशाला? येशू उठला तो अंगानिशी. हातावर खिळ्यांच्या खुणा होत्या, शिष्यांसमोर मासा खाल्ला त्याने. आणि माणसंच नाही, ही मातीपण तो नवी करणार. मग मी दोन्ही सांभाळायला नको?"

आमच्या घरी मी ऐकलेलं, शरीर म्हणजे जुना कपडा. व्हीलचेअर मात्र मी लिहिली नाही.

फोड सुकल्यावर एका रविवारी मी बोटीने गोराईला गेले आणि दिवसभर त्यांच्या वाडीत बसले. सकाळी पाय घट्ट होता. दुपारी तीनला अंकल वांग्यांच्या वाफ्यात लंगडायला लागले. बघितलं तर सॉकेट सैल झालेलं. दिवसभराच्या दाबाने स्टंप बारीक होतो, खाली घसरतो आणि हाडाचं टोक तळाला घासतं. क्लिनिकमध्ये ते यायचे सकाळी दहाला, म्हणून आम्हाला कधी दिसलंच नाही.

सैल जागा भरायला मी स्टंपवर आणखी एक जाड मोजा चढवला. "चाला आता."

ते बांधापर्यंत गेले, परत आले. पुन्हा गेले. त्या दिवसापासून ते रोज दुपारी मोजा वाढवू लागले, आणि फोड परत आला नाही.

ईस्टरच्या सकाळी घरापासून चर्चपर्यंत अंकल काठीशिवाय चालले. मी मागे होते. दारात कोणीतरी खुर्ची पुढे केली. "बसायला नाही आलो," ते म्हणाले, आणि पहिल्या रांगेत जाऊन उभे राहिले. त्यांची बायको रोझी आंटी रडत होती, हसतही होती.

फोड कुठे आला हे आम्ही प्रत्येक वेळी विचारलं होतं. कधी येतो, हे एकदाही नाही. आता तो प्रश्न आमच्या फॉर्मवर आहे. बॉसनीच टाकला.