सागवान, नग एक

आता काय सांगू तुम्हाला, माणसाने मूर्खपणा करावा, पण वर त्याचं प्रवचन तरी देऊ नये. मी दोन्ही केलं.

पंच्याऐंशीच्या आसपासची गोष्ट. ब्रह्मपुरीहून माझी बदली एटापल्लीकडच्या एका वनकचेरीत झाली, कारकून म्हणून. एकदा जीपने येताना एका माडिया आदिवासींच्या गावाबाहेर कोरीव लाकडी खांब आडवा पडलेला दिसला. पुरुषभर उंच, माथ्यावर पक्षी, अंगावर नक्षी. मला वाटलं, बेवारस आहे. ड्रायव्हरला थांबवलं आणि टाकला जीपमध्ये.

क्वार्टरच्या बैठकीत, कोपऱ्यात तो उभा केला. पक्ष्याच्या मानेला रोज माझा शर्ट अडकवायचो, डोक्यावर टोपी. पाहुणे आले की मी सुरू व्हायचो, "ही आदिवासी कला बरं का. हे दोन गोल म्हणजे चंद्र-सूर्य." हे मला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही! कचेरीतही मी हेच ऐकवायचो.

आमची बायको सुमन तेवढी म्हणायची, "कोनाचा हाय ते इचारून तरी आनाचा होता." मी म्हणायचो, तुला कलेतलं काय कळतं.

मग एका रविवारी सकाळी दार उघडलं, तर अंगणात एक माडिया म्हातारी आणि तिचा थोराड मुलगा बसलेले. चहा विचारला, दोघांनी नको म्हणून मान हलवली. काम विचारलं, तर म्हातारी माडियात काही बोलली, मला एक शब्द कळला नाही. मग नुसते दारातून आत, खांबाकडे बघत होते. अर्धा तास झाला, तरी तसेच.

मी दार लोटून घेतलं. कारण खांब सागवानाचा होता! जंगल खात्याचा माणूस मी, आणि घरात विनापरवाना सागवान. तक्रार वर गेली की नोकरी गेलीच म्हणून समजा. मागच्या दाराने पळालो आणि आमचे वनरक्षक मडावीभाऊ यांना दुभाषा म्हणून घेऊन आलो. येताना कचेरीतलं वाहतूक परवान्याचं पुस्तकही उचललं. अंगणातच लिहिलं : सागवान, नग एक. तारीख मागची. मडावीभाऊंना म्हटलं, यांना सांगा, माल कायदेशीर आहे, हवे तर बदल्यात बांबू देतो.

मडावीभाऊंनी ते सांगितलंच नाही. दोघांशी थोडं बोलून ते आत गेले. माझ्या बैठकीत ते पहिल्यांदाच येत होते, कारण मी कधी बोलावलंच नव्हतं. खांब पाहून त्यांनी आधी पायातल्या चपला काढल्या, मग त्याच्यावरची माझी टोपी.

"बाबू, हा लालसू हाय."

"कोण लालसू?"

"या बाईचा नवरा. मेलेल्या मानसाच्या नावानं खांब उभा करतेत. पडला तरी तिथीच राहू देतेत. आन हे चंद्र-सूर्य नाई, त्याचे बैल हायेत."

म्हातारी आत आली. खांबावरून हात फिरवला, माझा शर्ट काढून घडी करून खुर्चीवर ठेवला. मग भिंतीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बघून तिने काही विचारलं.

"इचारते, हा कोन?"

"माझे वडील. वारले."

तिने आणखी एक विचारलं. मडावीभाऊ जरा घुटमळले.

"इचारते, याच्यावर काय अडकवता?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.  तिच्या मुलाबरोबर खांब उचलला, त्यांच्या बैलगाडीत आडवा ठेवला. गाडीत बसायची हिंमत झाली नाही, मागून चालत गेलो. जंगल खात्याच्या नाक्यावर शिपायाने विचारलं, माल काय आहे? परवाना खिशात होता, पण तो काढवेना. म्हणालो, "माल नाही, एक गृहस्थ आहेत."

जिथून उचलला होता तिथेच त्याला पुन्हा निजवलं. मी हात जोडले. म्हातारीने माफ केलं की नाही, मला आजही माहीत नाही.

संध्याकाळी घरी आलो. घामाने भिजलेला शर्ट काढला आणि सवयीने हात कोपऱ्याकडे गेला. तिथे काहीच नव्हतं. सुमन तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली,

"मामाजीच्या फोटोवर अडकवा."