दादाच्या प्रोग्रॅममधल्या रिकाम्या जागा

आधीच सांगते, मी रस्त्यातल्या लिंबू-मिरचीवरून बिनदिक्कत स्कूटी नेणारी बाई आहे. या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव आजवर मी फक्त हसण्यासाठी वाचले. एकदोघांची तर कमेंटमध्ये यथेच्छ टिंगलही केली आहे. ते आता सूड उगवतील... उगवू देत.

मी सुमन. उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात राहते, पंधरा वर्षं प्रोग्रॅमिंग करते. आमचे वडील, म्हणजे अप्पा, अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कंपनीत भट्टीवर होते. तिथला नियम असा, की तुमच्या जागी येणारा माणूस - रिलीव्हर - हजर झाल्याशिवाय भट्टी सोडायची नाही. एकदा रिलीव्हर आलाच नाही, तर अप्पा सलग दोन पाळ्या उभे राहिले आणि घरी येऊन वाढलेल्या ताटासमोरच झोपले. त्यांना जाऊन आता नऊ वर्षं झाली.

पुढे त्याच कंपनीसाठी माझ्या दादाने एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. रिलीव्हरने गेटवर कार्ड पंच केलं, की आत भट्टीवरच्या माणसाला मेसेज जायचा - अमुक, तुमची ड्युटी इतक्या वाजता संपली. तुमच्या जागी तमुक आले आहेत. घरी जा. त्यातलं ‘घरी जा’ कंपनीने मागितलेलं नव्हतं. ते दादाने स्वतःच्या मनाने घातलं होतं.

दादा मागच्या वर्षी गेला. लिव्हरचं दुखणं, उल्हासनगरच्याच एका हॉस्पिटलमध्ये अकरा दिवस होता. दुपारी मी बसायचे, पाचला बदलापूरहून वहिनी यायची. त्या दिवशी मी साडेचारलाच उठून निघाले. त्याला झोप लागली होती, मला क्लायंटचा कॉल होता, आणि खरं सांगायचं तर त्या खोलीचा मला वीट आला होता. अर्ध्या तासाने काय होतंय! घरात पाऊल टाकते तोच हॉस्पिटलमधून फोन. धावत परत गेले, पण सगळं संपलं होतं. वहिनी ट्रॅफिकमध्ये अडकून उशिरा पोचली, तेव्हा मी त्याचा हात धरून बसले होते.

“तू होतीस ना गं जवळ?” तिने विचारलं.

“होते,” मी म्हणाले.

मी अप्पांची मुलगी, आणि जागा सोडून गेले... वर खोटं बोलले. वर्षभर ही गोष्ट मी कुणाजवळ काढली नव्हती.

गेल्या महिन्यात कंपनीतून फोन आला. सर्व्हर बदललाय, प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहिलाय त्या पीएचपीचं नवं व्हर्जन आलंय, तुमच्या भावाचा प्रोग्रॅम पानपानभर वॉर्निंग देतोय. कारण साधं होतं. वाक्यात जिथे नाव किंवा वेळ आपोआप भरली जायची, तिथे दादा डॉलरचं चिन्ह महिरपी कंसाच्या बाहेर लिहायचा. जुन्या व्हर्जनला ते चालायचं, नव्याला डॉलर कंसाच्या आत हवा. बस्स, एवढंच काम.

दादाचा लॅपटॉप वहिनीकडे, बदलापूरला खरवईत. शनिवारी सकाळी तिथे गेले. वहिनी समोर मेथी निवडत होती. आमचं बोलणं तसं बेताचंच असायचं वर्षभर. फाइंड-रिप्लेस मारलं असतं तर चहा निवायच्या आत उरकलं असतं, पण मी एकेक डॉलर हाताने आत घेत बसले. टाइप केलेल्याला कसलं आलंय अक्षर, पण त्याच्या ओळी मला ओळखू येत होत्या हो!

सव्वाअकराला टेस्ट लावली. माझी पद्धत अशी, की पहिल्या वेळी प्रोग्रॅमला काहीच माहिती द्यायची नाही. नाव नाही, वेळ नाही. वाक्य भोकं पडलेलंच यायला हवं, म्हणजे भरायच्या जागा नीट आहेत हे कळतं. इंटरनेट बंद होतं. कंपनीचा डेटा त्या लॅपटॉपवर नव्हताच.

तीन मेसेज आले. दोन रिकामे, हवे तसे. तिसरा -

“सुमे, तुमची ड्युटी साडेचार वाजता संपली. तुमच्या जागी अप्पा आले आहेत. घरी जा.”

मला सुमे म्हणणारा जगात एकच माणूस होता, दादा. ‘तुमची’ हे मूळ वाक्यातलं, तो मला कशाला अहो-जाहो करेल! आणि वेळ तर हा प्रोग्रॅम आकड्यांतच लिहितो, अक्षरांत नाही. सगळ्या कोडमध्ये ‘सुमे’ शोधलं, ‘अप्पा’ शोधलं, ‘साडेचार’ शोधलं. कुठेच नाही. टेस्ट पुन्हा दहा वेळा चालवली. तिन्ही मेसेज रिकामे.

मला रडू आवरेना. वहिनी उठून आली, तिने स्क्रीनवर वर राहिलेला तो मेसेज वाचला. “हे काय गं?” मग मी सगळं सांगून टाकलं. साडेचार, कॉल, वीट, खोटं... सगळं.

“माहितीये मला,” ती म्हणाली. “सिस्टरने सांगितलं होतं तेव्हाच.”

“मग मला काही बोलली का नाहीस?”

“तू सांगशील म्हणून थांबले. आणि राग होता ना, सुमन. खूप राग होता. माझा नवरा एकटा गेला, हेच डोक्यात. झोपताना तेच, उठताना तेच.”

तिने पुन्हा मेसेज वाचला. मग विचारलं, “अप्पा कधी लेट पोचायचे का गं ड्युटीवर?”

“कधीच नाही.”

“मग झालं तर. नव्हता तो एकटा.” असं म्हणून ती जी रडायला लागली, तशी दादा गेला त्या दिवशीही रडली नव्हती. दुपारी तिने मला जेवायला थांबवून घेतलं. वर्षभरात पहिल्यांदा.

ऑफिसमधल्या एकाला सांगितलं, तर म्हणाला की दादानेच गंमत म्हणून कुठेतरी लिहून ठेवलं असेल. अरे बाबा, त्या दिवशीचं साडेचार त्याने आधी कसं लिहून ठेवावं? फोटो काढायचं तेव्हा सुचलं नाही. प्रोग्रॅम आता कंपनीत व्यवस्थित चालतोय, एकही वॉर्निंग नाही. माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर लिहा, मी वाचेन. पण वहिनीपर्यंत मी ते पोचू देणार नाही.